रंगपेटीचा हिशेब



सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्या नकोत, एक वही एक पेन आणा, अशी हाक गेली काही वर्षं दिली जाते. तुम्ही पोरं त्या वह्यांची खोकी खांद्यावर घेऊन आमच्यासारख्यांच्या शाळेत येता. चांगलं करता. पण पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला या वाटपाबद्दल थोडं बोलायचंय. विषय तुम्हाला हलका वाटेल. विषय आहे प्राथमिक शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचा.

१९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होतो. माय-बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. घरी रेशनची लाल मिलो, शाळेत सुकडी. सुकडीची रांग लागायची. बाकीच्या पोरांच्या ताटलीत वाटणारा हातानं टाकायचा, आमच्या ताटलीत वरून सोडायचा. निम्मी मातीत. तेव्हापासून कुणी काही वाटायला लागलं की माझा हात आधी मागं जातो, मग पुढं येतो. अजून जातो.

पुढं तालुक्याच्या हायस्कुलात गेलो. तिथं चित्रकलेचे सर होते. नियम साधा, रंगपेटी नाही त्यानं वर्गाबाहेर उभं राहायचं. बाहेर आम्ही पाच-सहाजण असायचो. कोण ते सांगायला नको. घरी रंग नव्हते असं नाही. चूल होती म्हणून कोळसा होता, माय भिंत सारवायची म्हणून पांढरी माती होती, दाराच्या चौकटीला गेरू होता, चुन्यात कालवायला नीळ होती. आमची वस्ती सगळी निळी. पण ते रंग पेटीत नव्हते. पेटीत नसलेला रंग सरांच्या लेखी रंग नव्हता.

एकदा तपासणी होती म्हणून सगळ्यांना आत घेतलं. स्मरणचित्र काढायचं होतं. फळ्यावर विषय लिहिला, 'पाणवठा'. माझ्याकडं शिसपेन्सिल तेवढी. मी विहीर काढली, रहाट काढला, पाणी शेंदणाऱ्या चार बाया काढल्या. आणि लांब, कागदाच्या पार कोपऱ्यात, रिकामी घागर घेऊन उभी असलेली एक बाई काढली. सर आले. म्हणाले, "ही इकडं कशाला उभी केलीस? चित्राचा तोल गेला."

मी म्हटलं, "सर, ती माझी माय हाय. कुणी पाणी वाढीस्तोवर ती तिथंच उभी ऱ्हाती."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी त्या बाईवर लाल काट मारली आणि दहात दोन मार्क दिले. वर म्हणाले, "रंग कुठाय?"

त्या वर्षी एलिमेंटरीच्या परीक्षेला मी बसलो नाही. फी, पॅड, रंग, ब्रश, कुठून आणायचं? बाप म्हणाला, "चित्र काढून प्वाट भरतं व्हय रं?" बापाचं चूक नव्हतं. पण एक सांगतो. भूक कळायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. 'तुझं पाहणं चूक आहे' हे मात्र मला शाळेनं शिकवलं. ते भुकेपेक्षा जास्त दिवस पुरलं.

नंतर वसतिगृहात राहायला गेलो. तिथं पत्र्याची एक पेटी होती, कुणी कुणी दिलेल्या जुन्या पुस्तकांची. पेटीवर कुणाचं नाव नव्हतं. तिच्यात अजिंठ्याच्या चित्रांचं एक पुस्तक सापडलं, पुठ्ठा गेलेलं. सतराव्या लेण्यातलं ते चित्र मी त्यात पहिल्यांदा पाहिलं. हातात भिक्षापात्र घेतलेला बुद्ध, आणि समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध केवढा तर भिंतभर, आणि ती दोघं इवलीशी. मी चक्रावलो. पात्र हातात असलेला माणूस मोठा काढलाय! आमच्या सुकडीच्या रांगेत तर पात्रवाला लहान असायचा. आणि त्या चित्रातला तोल कुणी काटला नव्हता. दीड हजार वर्षं तसाच होता.

त्याच पुस्तकात वाचलं की त्या चित्रकारांनी आधी भिंतीला माती लावली, मातीत शेण, भुसा, गवत कालवलं. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. लाल आणि पिवळा रंग गेरूचा आणि पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. निळा दगड तेवढा बाहेरून आणलेला, पार अफगाणिस्तानाकडून. म्हणजे निळा सोडला तर सगळं माझ्या मायच्या घरात होतं. आणि आमच्याकडं तर निळाही होता. त्या रात्री मी वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर कोळशानं रेघोट्या ओढल्या. सकाळी शिव्या खाल्ल्या. पण हात सुटला तो सुटला.

कुणी दिलं ते पुस्तक? मला आजवर माहीत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं होतं. त्यानंतर ४९ वर्षांनी नागपूरला काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. एका पुस्तकानं सगळं केलं असं मी म्हणत नाही. पण दिलेलं पुस्तक कुठं जाऊन उगवेल याचा हिशेब देणाऱ्याला करता येत नाही, एवढं खरं.

१९८६ ला मी मास्तर झालो. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग. वेळापत्रकात चित्रकला लिहिलेली असायची. प्रत्यक्षात त्या तासाला पोरं मैदान झाडायची, नाहीतर राहिलेली गणितं करायची. १९८७ ला खडू-फळा मोहीम निघाली. शाळेत साहित्याच्या पेट्या आल्या. त्या कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. फुटलं, हरवलं तर भरून द्यावं लागेल ही भीती. साहित्य जपलं, पोरं तशीच राहिली. या पापात मीही आहे. तीन वर्षं किल्ली माझ्याच कमरेला होती.

आणि मी पोरांना चित्र काढा म्हटलं की सगळा वर्ग एकच चित्र काढायचा. तीन डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, नारळाचं झाड, आभाळात चारच्या आकड्यासारखी पाखरं. अरे, आमचा जालना जिल्हा! नारळ कुठला? नदीला दिवाळीनंतर वाळू. पण पोरांचा दोष नाही. त्यांनी पाहिलेलं चित्र तेवढंच. ज्यानं एकच चित्र पाहिलं, तो स्वतःचं गावसुद्धा त्या चित्रासारखं काढतो आणि खरं गाव त्याला चूक वाटायला लागतं. माझ्या सरांची लाल काट ही पोरं स्वतःच्या हातानं मारत होती.

मग वाटपवाले यायला लागले. शहरातलं एक मंडळ आलं. बासष्ट पोरं, चाळीस रंगपेट्या. बॅनर लावला, पोरांना रांगेत उभं केलं, पेटी हातात देऊन फोटो काढला. बावीस पोरांकडून फोटो झाल्यावर पेट्या परत घेतल्या, पुढच्या शाळेत लागतील म्हणून. मी बघत राहिलो. ताटली आठवली. दुसरे एकजण जुनी पुस्तकं घेऊन आले. त्यात स्पर्धा परीक्षांची गाईडं, कुणाच्या लग्नाचा अल्बम, फाटक्या डायऱ्या. घरातली अडगळ गेली, त्यांना पुण्य लागलं.

पण आपली पोरं आली तेव्हा मी धीर करून बोललो. म्हटलं, बाबांनो, रेघांच्या वह्या पुष्कळ झाल्या, मला बिनरेघांचा कागद द्या. त्यातला एकजण छापखान्यात कामाला. त्यानं कटिंगचा कागद पोत्यानं आणून टाकला. लांब पट्ट्या, त्रिकोणी तुकडे, पिवळे, गुलाबी. दुसऱ्यानं जयंतीचे उतरवलेले फ्लेक्स आणले. फ्लेक्सची मागची बाजू कोरी पांढरी असते. ती जमिनीवर अंथरली की दहा पोरं एकाच चित्रावर बसतात. कुणाचं आडनाव काय, कोण कुठल्या आळीतला, हे त्या फ्लेक्सवर कळत नाही. कोपर कोपराला लागतं. मी बोललो तर गावानं ऐकलं नसतं, ते काम फ्लेक्सनं केलं.

मग वर्गणी काढून पुस्तकं आणली. नॅशनल बुक ट्रस्टची, ज्योत्स्ना प्रकाशनाची, प्रथम बुक्सची, भोपाळच्या एकलव्यची. पातळ, चित्रांची, पोरांच्या हाताला पेलणारी. या वेळी कपाट नाही. वर्गात दोरी बांधली आणि पुस्तकं वाळत घातल्यासारखी टांगली. काही फाटली. फाटू दे.

एकानं 'भीमायन' आणलं. २०११ साली निघालेलं, बाबासाहेबांच्या जगण्यावरचं चित्रांचं पुस्तक. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं. आमची प्रत इंग्रजी. पोरांचं काही अडलं नाही. त्यात माणसांचं बोलणं वेगवेगळ्या आकारात लिहिलंय. चांगल्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसारखं. पोरांना ते मी सांगायच्या आधी कळलं. तिसरीतली एक पोर म्हणाली, "गुरजी, असं बी काढता येतं?"

म्हटलं, "येतं की."

तिचे माय-बाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर जायचे ते उन्हाळ्यात यायचे. पोर आजीजवळ. दुसऱ्या दिवशी तिनं फ्लेक्सच्या कोपऱ्यात चित्र काढलं. उसाचा फड, डोक्यावर मोळी घेतलेली माय, आणि लांब मोटारसायकलवर मुकादम. मुकादमाच्या तोंडातून दोन विंचू निघालेले. मायच्या तोंडातून काहीच नाही. मी विचारलं, "माय काही बोलत नाही का?"

"डोक्यावर मोळी हाय ना," पोर म्हणाली. "कशी बोलंल?"

मी बाहेर जाऊन थोडा वेळ थांबलो. सत्तरच्या दशकातली माझी माय आणि ही माय, दोघीही कागदाच्या कोपऱ्यात उभ्या. फरक एवढाच, की या कोपऱ्यावर काट मारायला कुणी नव्हतं.

आणखी एक ध्यानात आलं. दान आलेल्या प्रत्येक मेणखडूच्या पेटीत तपकिरी खडू सगळ्यात आधी संपायचा. गुलाबीसर खडू, ज्याला शाळेत 'अंगाचा रंग' म्हणतात, तो शेवटपर्यंत नवाकोरा राहायचा. कुणाच्या अंगाचा? पोरं माय, बाप, आजी, स्वतःला काढायची आणि तपकिरी झिजवायची. पेटी बनवणाऱ्याला आमची माणसं माहीत नसतात. आपल्याला तरी असावीत.

आता कडू बोलतो. दान हे सरकारची सुट्टी होऊ नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय, सहावी ते आठवीला शंभरापेक्षा जास्त पोरं असतील तिथं कलाशिक्षणाला अंशकालीन शिक्षक पाहिजे. तुमच्या गावात आहे का, जाऊन बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दत्तक शाळेचा निर्णय काढला. देणगीदारानं शाळेला वस्तू-सेवा पुरवायच्या, आणि मोठी देणगी असेल तर त्याच्या आवडीचं नाव शाळेला जोडायचं. शाळा काय अनाथ आहे दत्तक जायला? ती आपल्या करातून चालते. तेव्हा रंग देता देता अर्जही द्या. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात. वस्तीतल्या मायमाऊल्यांना तिथं बसवा, आणि चित्रकलेच्या तासाचं काय झालं ते त्यांना विचारू द्या. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं मागायचं. एकच हात चालवणारा कार्यकर्ता अर्धा.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पारमिता सांगितल्यात, त्यात दान आहे. अट अशी की बदल्यात कशाची अपेक्षा ठेवायची नाही. फोटोचीपण नाही. तुम्ही शाळेत नेता तो वाटा आहे, कुणीतरी आधी आपल्याला दिला म्हणून आपण इथवर आलो. वाटा देताना समोरच्याचं डोकं खाली जायला नको.

२०२१ ला मी निवृत्त झालो. अजून आठवड्यातून दोनदा शाळेत जातो. तेव्हा पुढच्या खेपेला येण्याआधी विचारून घ्या, पोरं किती आहेत ते. जेवढी पोरं तेवढंच आणा, एकही कमी नको. बिनरेघांचा कागद आणा, चित्रांची पुस्तकं आणा, आणि ती कुलपात जाणार नाहीत हे मास्तरकडून कबूल करून घ्या. गेरू-काजळी आम्ही इथं करतो.

आणि तपकिरी खडू जास्तीचे आणा.

जयभीम.