टकलाचं आजोळ

माणसाला आयुष्यात दोन गोष्टी न मागता मिळतात. एक सल्ला आणि दुसरं टक्कल. त्यातही टक्कल पडायला लागलं की सल्ला पाठोपाठ येतोच. केस भरगच्च असताना ज्यांनी कधी आपल्याकडे ढुंकून पाहिलं नाही, अशी माणसं रस्त्यात थांबवून विचारतात, "अहो, माका लावून पाहिलात का?" माका झाला की जास्वंद, जास्वंद झाली की कांद्याचा रस. आमच्या कचेरीतल्या एकाने तो लावलाही होता. केस काही परत आले नाहीत. आठवडाभर माणसंही त्याच्या टेबलाकडे परत आली नाहीत.

टकलाची कारणंही लोकांनी ठरवून ठेवलेली असतात. टोपी घालणे, टोपी न घालणे, बोअरिंगचं पाणी आणि फार विचार करणे. यातलं शेवटचं कारण आम्हा टकलूंना विशेष प्रिय. पण खरा गुन्हेगार निराळाच आहे आणि तो आपल्याच रक्तात राजरोस हिंडत असतो.

त्याचा पहिला सुगावा ग्रीकांना लागला. खोजांना टक्कल पडत नाही, असं हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत लिहून ठेवलेलं आहे. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षं हा तपास तसाच पडून राहिला. (तपास पडून राहणं हे काही आपल्याकडचंच वैशिष्ट्य नाही.) अखेर 1942 साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन नावाच्या संशोधकाने ती फाईल उघडली. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या शरीरातला टेस्टोस्टेरॉन हा पुरुषी हार्मोन बंद पडला होता, अशा पुरुषांना टक्कल नव्हतं. त्यांना तो बाहेरून दिल्यावर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस गळू लागले. बाकीच्यांचे जागच्या जागी! म्हणजे गुन्ह्याला दोघे लागतात: हार्मोन आणि घराणं.

ही बातमी आम्हा मंडळींना सुखावणारी होती. टक्कल म्हणजे पौरुषाचा अतिरेक, असं बायकोला ठणकावून सांगायची सोय झाली. पण शास्त्रज्ञांना कोणाचं सुख बघवत नाही. त्यांनी रक्त तपासलं, तर टकलूंच्या आणि केसाळांच्या रक्तात हा हार्मोन साधारण सारखाच. मग फरक कुठे? तर दार कोण उघडतो, यात.

याचं असं आहे बघा. गणपतीची वर्गणी मागणारा सगळ्या चाळीत हिंडतो. टेस्टोस्टेरॉन तसाच डोकंभर फिरतो. केसाच्या मुळाशी फायव्ह अल्फा रिडक्टेज नावाचं एक एन्झाइम असतं. ते त्याला पावतीपुस्तक देऊन डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करून टाकतं. (हा शब्द एका दमात म्हटला तर असलेले केसही गळावेत. आपण डीएचटी म्हणू.) हा डीएचटी भारी चिवट. तो दाराशी, म्हणजे रिसेप्टरशी, मूळ टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट चिकटून बसतो. कपाळाकडची आणि टाळूवरची बिऱ्हाडं भिडस्त, दारं भरपूर आणि सगळी उघडी. दर फेरीला ती थोडी अधिक गरीब होतात. एरवी एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, तीनेक महिने आराम करतो आणि गळून नव्याला जागा देतो. इथे मात्र प्रत्येक खेपेला वाढीचा काळ आखूड आणि केस बारीक होत जातो. मागच्या बाजूचे भाडेकरू मात्र खमके. ते दारच फारसं उघडत नाहीत. 1959 साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी दाखवून दिलं, की मागचे केस उचलून पुढे लावले तरी त्यांचा खमकेपणा जात नाही. केशरोपणाचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

आणि गंमत म्हणजे हाच वर्गणीवाला हनुवटीवर गेला की मागत नाही, उलट देऊन येतो! दाढी भरघोस होते. पुढे पुढे तर कानातूनही केस डोकावू लागतात. डोक्यावर दुष्काळ आणि कानात हिरवळ!

हा सगळा अभ्यास मला करावा लागला तो माझ्या भाच्यापायी. वय सव्वीस, नोकरी उत्तम आणि कपाळ मागे सरकायला लागलेलं. दोन मुलींकडून नकार आल्यावर पोरगा घरातही टोपी घालून बसायला लागला. त्यावर आमच्या दाजींनी स्वतःच्या दाट केसांतून बोटं फिरवत निकाल दिला, "आमच्याकडे कोणालाच टक्कल नाही. हे आजोळचं देणं!" आणि पुरावा म्हणून माझ्या डोक्याकडे बघितलं.

ताई पोळ्या लाटायची थांबली. तीस वर्षं ती हे ऐकत आली आहे. पोराचं गणित कच्चं, तर आजोळचं. चष्मा लागला, तर आजोळचा. दहावीला नव्वद टक्के मिळाले ते तेवढे वडिलांच्या घराण्याचे.

म्हटलं, "दाजी, हिशेब करू. या रिसेप्टरचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, हे कबूल. आमच्या आबांचा रिसेप्टर त्याच्याकडे आला असण्याची शक्यता रुपयात आठ आणे. उरलेले आठ आणे आमच्या आईचे. त्यातही माझ्याकडे जी प्रत आहे तीच त्याच्याकडे असण्याची शक्यता चार आणे. तेवढ्यापुरता मी हजर आहे. पण टकलाला हातभार लावणारे जीन्स इतर क्रोमोसोमवरही पुष्कळ आहेत आणि ते बापाकडूनही येतात. बाप केसाळ असला तरी! आणि तुमचा तो नामी रिसेप्टर तुम्ही मुलाला दिलाच नाहीत. त्याला तुम्ही वाय दिलात. एक्स दिलात तो मुलीला."

ताईने लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे यांचे केस आपल्या पिंकीच्या मुलाला मिळतील?"

"मिळू शकतील. आठ आणे."

"मग ते कुठलं देणं म्हणायचं, ते जरा यांनाच विचार."

दाजींनी वर्तमानपत्र उघडलं. भाच्याने मात्र टोपी काढली आणि हसला. महिन्याभरात तो पहिल्यांदाच हसत होता.

उपाय आहेत. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवले, तेव्हा तिचं लोशन झालं आणि 1988 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. दुसरं औषध फिनास्टेराइड. 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही पुरुषांबद्दल माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्यात ते पावतीपुस्तक देणारं एन्झाइमच कमी, त्यामुळे प्रोस्टेट लहान आणि कपाळावरचे केस शाबूत. तोच धागा पकडून आधी प्रोस्टेटची गोळी आली आणि 1997 साली केसांची. पण दोन्ही औषधं थांबवली की मिळवलेले केस काही महिन्यांत रजा घेतात. शिवाय दुसऱ्या गोळीचे काहींना नाजूक त्रास होतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, शेजाऱ्यांना विचारून तर नाहीच.

मला मात्र या सगळ्या शास्त्रातलं एकच वाक्य मनापासून आवडलं. टकलावरचे केस बहुधा नाहीसे झालेले नसतात. ते लहान, बारीक, रंगहीन होऊन बरीच वर्षं तिथेच नांदत असतात. म्हणून मी अजूनही खिशात कंगवा ठेवतो. मंडळी घरातच आहेत. फक्त निवृत्त झाली आहेत.