ब्लॅकपूलचे आठ दिवस

लँकशरच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांना एके काळी वर्षातून एकच आठवडा समुद्राचे दर्शन घडे. प्रत्येक गावाचा आठवडा ठरलेला असे. तो आला की धुराडी थंड पडत आणि आगगाड्या भरभरून ब्लॅकपूलकडे धावत. १९३८ साली पगारी रजेचा कायदा होईपर्यंत बहुतेकांना या दिवसांचे वेतन मिळत नसे. वर्षभर पै-पै साठवूनच ही चैन करावी लागे.

मला यात सर्वांत मौज वाटते ती तेथील बिऱ्हाडांची. शिधा पाहुण्यांनी विकत आणावा, घरमालकिणीने तो रांधून द्यावा, आणि कित्येक ठिकाणी मीठ-मिरीच्या भांड्यांचेही वेगळे पैसे आकारावेत! आपल्याकडे कोणी असे केले, तर गावभर बभ्रा होईल. परंतु त्या आठवड्यापुरती गृहिणीची चुलीपासून सुटका होई. आमच्या आईस सणासुदीलाच दुप्पट राबावे लागे. म्हणून त्या अनोळखी बायांचा मला किंचित हेवाही वाटतो. अर्थात, बाजारहाट त्यांच्याच माथी असे.

पिठात बुडवून तळलेला मासा व बटाट्याच्या जाड फोडी, वर मीठ नि व्हिनेगर, असा पुडा घेऊन मंडळी समुद्राकाठच्या बाकावर बसत. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या तेथील कॅथोलिक घरांना तर हे अन्न नित्याचेच. दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस यांवर रेशनिंग आले. या खाद्यावर मात्र आले नाही.

परतताना शेजाऱ्यांच्या मुलांसाठी साखरेची गुलाबी कांडी घेत. तिच्यात आरपार गावाचे नाव असे. गिरण्या आता बंद पडल्या. कांडी अजून विकली जाते.