सोलं उचलायला धावले तो दिवस

मे सरत आला होता. अंगणात कोकमाची सोलं वाळत घातलेली आणि यशवंतगडाकडून आभाळ काळवंडत आलं. उजवा पाय दोन महिने लाकडासारखा, म्हणून मी पडवीत बसून. टपोरे थेंब पडले तशी उठले आणि चार पावलं धावले! सोलं सुपात भरली, वळले, तर पाय पुन्हा फरफटायला लागला. जाऊबाईंनी नेमकं पाहिलं. घरात 'नाटक' हा शब्द त्या संध्याकाळी पहिल्यांदा आला.

सुरुवात अगदी साधी. विहिरीपाशी चिऱ्यावरून घसरले, घोटा मुरगळला. सूज आठवड्यात उतरली, पाय मात्र परत आला नाही. एमआरआयमध्ये काही नाही. "टेन्शन घेऊ नका," एवढं ऐकायला खास गाडी करून गेलो होतो. आडिवऱ्याच्या महाकालीला नारळ झाला. कोणी लागीर म्हणालं.

मग रत्नागिरीत एका डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं. उजवी टाच खाली दाबायला सांगितली, जमेना. डावा पाय उचलायला सांगितला, तेव्हा तीच उजवी टाच त्यांच्या तळहातावर आपोआप दाबली गेली. ही खूण हूवर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1908 साली लिहून ठेवलेली. नसा शाबूत, स्नायू शाबूत. मेंदूचा निरोप मध्येच अडतो. म्हणून या दुखण्याला 'फंक्शनल' म्हणतात. मी भीतभीतच सोलांचं सांगितलं. "अहो, हेच तर लक्षण," ते म्हणाले, "लक्ष दुसरीकडे गेलं की निरोप पोचतो." तिथेच रडू फुटलं.

पुढे बोलण्याचे उपचार, सहा बैठका. एसटीने जायचं, संध्याकाळी परत. मला वाटलं, उपचार करणाऱ्या ताई संसार उकरतील. त्यांनी आधी उलटं चालायला लावलं, गुणगुणत. मग विचारलं, पाऊल टाकण्याआधी मनात काय येतं? पडेन. आणि सगळे बघतायत. पाचव्या वेळी यजमानांना बोलावलं. ते ऐकून घेत होते, खाली मान घालून. हमी मात्र ताईंनी दिली नव्हती. माझ्या पायासारखेच 'फंक्शनल', पण झटके येणाऱ्या ब्रिटनमधल्या 368 जणांवर अशाच बोलण्याच्या उपचारांचा अभ्यास 2020 साली छापून आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत झटके फारसे घटले नव्हते, रोजचं जगणं मात्र सावरलं होतं.

सहाव्या बैठकीत मला खरं बोलायला सुचायला लागलं आणि बैठका संपल्या. ते अजून खटकतं.

यंदा सोलं मीच वाळत घातली. दमले की पाय ओढतो. जाऊबाई बघतात, पण बोलत काही नाहीत.