छबिना दहाच्या आत

आमच्या भागातल्या जत्रांत छबिना रात्री उशिरा निघतो आणि पहाटेपर्यंत चालतो. त्यामुळे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री दहाची मर्यादा मला कधीच पटली नव्हती. जो ढोल दुपारी कुणाला खुपत नाही, तोच दहानंतर गुन्हा कसा ठरतो? रात्री सामसूम असते म्हणून आवाज मोठा वाटतो, एवढंच मी धरून चाललो होतो. आज मी दहाच्या बाजूने आहे. कुणाच्या दबावाने नाही. आवाज हवेतून कसा जातो हे कळलं म्हणून.

२० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. हवा एका अंशाने तापली की हा वेग साधारण ०.६ मीटरने वाढतो. फरक किरकोळ वाटतो, पण आवाजाची वाट तोच बदलतो. लेझमाच्या रांगेचं एक टोक मंदावलं की अख्खी रांग त्या टोकाकडे वळते, तशी आवाजाची लाटही थंड हवेकडे वळते. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते, म्हणून आवाज वर निघून जातो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते, तिला लागून असलेली हवाही निवते, आणि वर जाऊ पाहणारा आवाज पुन्हा खाली वळतो. पलीकडच्या गावातली काकड आरती पहाटे स्पष्ट ऐकू येते आणि त्याच देवळातली घंटा भर दुपारी येत नाही, त्यामागे शांततेइतकाच या हवेचा हात आहे. चैत्रातल्या जत्रांच्या रात्री बहुधा अशाच असतात.

त्यात ढोलाचा आणि स्पीकरच्या बासचा आवाज खालच्या पट्टीतला. तीक्ष्ण आवाज हवेत आणि भिंतीत लवकर विरतात. हा मात्र बंद दारातूनही आत शिरतो. म्हणजे जत्रेला न आलेल्या, दूरच्या वस्तीवर अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही तो गाठतो. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. हे दहा डेसिबल म्हणजे ऊर्जेतला दहापट फरक. पूर्वी मला तो जाच वाटायचा, आता रास्त वाटतो.

परंपरेचा प्रश्न मलाही जिव्हाळ्याचा आहे. पालखी, मशाली, हलगी यांतलं काहीच सोडावं असं मला वाटत नाही. चैत्रात सातच्या सुमारास दिवस मावळतो. दिवेलागणीला छबिना काढला तर दहापर्यंत तीन तास हाताशी राहतात. हवा मात्र तेव्हापासूनच निवू लागते, म्हणून स्पीकरच्या भिंती त्या तीन तासांतही नकोत.

यात्रा कमिट्यांना माझी विनंती आहे: यंदाच्या बैठकीत छबिन्याची वेळ आधी ठरवा, वाजंत्र्यांची सुपारी नंतर द्या.