साटोऱ्या, ३०१ आणि कॅनॉनिकल

गेले दोन वीकएंड मुलुंडच्या आत्याच्या साइटमध्ये गेले. आत्या घरगुती फराळ विकते. गणपती झाले की तिच्याकडे दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतात आणि हल्ली त्यातल्या बऱ्याचशा गूगलवरून येतात. यंदा साइटचं नाव बदललं, नवीन डोमेन घेतलं, आणि जो प्रश्न ऑफिसात अधूनमधून येतोच तो घरीही आला. ३०१ की कॅनॉनिकल?

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असेल, तर त्यातला कुठला दाखवायचा हे सर्च इंजिनला ठरवावं लागतं. उपाय दोन. पहिला पर्मनंट रिडायरेक्ट. सर्व्हर ३०१ हा कोड आणि नवा पत्ता पाठवतो, ब्राउझर मुकाट्याने तिकडे जातो. दुसरा कॅनॉनिकल टॅग. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून तो फेब्रुवारी २००९ मध्ये आणला. पानाच्या हेडमध्ये एक ओळ टाकायची, की 'मूळ पान ते'. वाचणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, तो आहे तिथेच राहतो. आणि गूगल या टॅगला हुकूम मानत नाही, सूचना मानतं. बाकीच्या खुणा उलट सांगत असतील तर ते दुसरंच पान निवडतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, ते ३०१. स्टेशन तेच, जुनी पाटी गेली. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी आणि २०१७ मध्ये सीएसएमटी झालं, ही रिडायरेक्टची साखळी. साइटवर अशी साखळी ठेवू नये, प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर पाठवावा. आणि कॅनॉनिकल म्हणजे सोसायटीची दोन गेटं. दोन्ही उघडी, पण पत्रिकेत पत्ता एकाच गेटचा छापायचा.

म्हणजे विचारायचं एवढंच, की जुना पत्ता उघडा राहायची कुणाला गरज आहे का?

जुन्या डोमेनची नव्हती. तिथे ३०१ लावला, तोही पानागणिक, सगळ्यांना होमपेजवर ढकलून नाही. चकलीच्या पानावर येणाऱ्याला चकलीच दिसली पाहिजे. गूगल म्हणतं रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा. पण आत्याची जुनी पत्रकं लोकांच्या फ्रिजवर त्याहून जास्त टिकतात, त्यामुळे जुन्या डोमेनचे पैसे भरत राहायचं ठरलं.

मग साटोऱ्या! साटोऱ्यांची पानं दोन निघाली. डोळ्यांना पत्ता अगदी सारखा, सर्व्हरला वेगळा. कारण 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर. एक पान मोबाइलवरून टाकलेलं, दुसरं जुन्या पीसीवरून. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन करूनही हे दोन एक होत नाहीत. मराठी पत्ते ठेवणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. इथेही ३०१ च, कारण ज्यातला फरक दिसतच नाही अशी दोन पानं कुणाला हवी आहेत?

अर्धा किलो, एक किलो, किमतीनुसार लावलेली यादी... ही पानं मात्र गिऱ्हाइकाला लागतात. तिथे कॅनॉनिकल.

खरी पंचाईत शेवटी आली. आत्या आणि बोरिवलीच्या काकू बारा वर्षं एकत्र फराळ करायच्या. गेल्या वर्षी काकूंनी बोरिवलीत स्वतःचं किचन सुरू केलं. साटोऱ्यांचा मजकूर जसाच्या तसा घ्या, असं आत्यानेच त्यांना सांगितलेलं. त्यांची साइटही मीच बघतो. आत्याचा मुलगा म्हणाला, "दादा, त्यांच्या पानावर आपला कॅनॉनिकल टाक ना. त्यांना कळणारही नाही."

तसं करता येतं. टॅग दुसऱ्या डोमेनकडेही बोट दाखवू शकतो. पण त्याचा अर्थ काय होतो? काकूंचं दुकान उघडं राहणार, रस्त्यावरची पाटी मात्र निघणार. बोरिवलीत बसून साटोऱ्या शोधणाऱ्याला मुलुंडचं पान दिसणार, आणि काकू म्हणणार यंदा मंदी आहे. सर्च इंजिनला आपण 'ही नक्कल आहे' असं सांगतो, तेव्हा ते एखाद्याच्या कमाईबद्दल बोलत असतो.

आत्याला मी हे सगळं दुकान-पाटीच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पण नक्कल कुठली? ती खव्यात खसखस घालते, मी नाही घालत. आणि तिच्या जास्त टिकतात."

हे पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं! मग काकूंना फोन केला, त्यांच्याकडून त्यांची कृती ऐकली आणि त्यांचं पान नव्याने लिहिलं. खसखस, किती दिवस टिकतात, बोरिवलीत कुठपर्यंत घरपोच, सगळं. आता दोन्ही पानांवर कॅनॉनिकल आहे, ज्याचा त्याचा.