येतो म्हणून निघालो

मराठीत घराबाहेर पडायला क्रियापदच नाही, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. 'जातो' हे आहे. पण उंबरठ्यावर उभे राहून ते उच्चारायचे नाही, अशी आपली रीत. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला गृहस्थ 'येतो' म्हणतो आणि काशीला निघालेलाही 'येतो'च म्हणतो. वीस वर्षे हा मुद्दा मी शिकवत आलो आहे आणि हमखास हशा घेत आलो आहे. पण गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, चोपड्यातल्या आमच्या ओट्यासमोर उभा राहिलो आणि ते दोन अक्षरी क्रियापद काही केल्या माझ्याच तोंडातून फुटेना.

मी निघालो होतो मुलताईला. एकटा, आणि मोटरसायकलवर.

मुलताई मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. मूळ नाव मूलतापी, म्हणजे आमच्या तापीचे माहेर. ही सूर्याची मुलगी, यमुनेची आणि शनीची बहीण. बाकीच्या नद्या पूर्वेकडे धावत असताना ही नर्मदेसारखी पश्चिमेची वाट धरते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ डुमसला समुद्रात शिरते. बेत असा होता की आधी मुलताई गाठायची आणि मग नदीच्या कलाने खाली डुमसपर्यंत उतरायचे. गंमत अशी की चोपडे या वाटेच्या अधेमधेच पडते. म्हणजे डुमसला जाताना पुन्हा घरावरूनच जायचे. जगप्रवासाच्या इतिहासात ही थोडी हास्यास्पद गोष्ट आहे, हे मला मान्य आहे. टेड सायमन नावाचा इंग्रज १९७३ साली ट्रायम्फ मोटरसायकलवर निघाला आणि पंचेचाळीस देश पाहून चार वर्षांनी घरी परतला. २०२३ साली पुण्याची एक तरुणी नऊवारी नेसून गेट वे ऑफ इंडियापासून जगप्रवासाला निघाली. त्यांच्यापुढे माझे हे निघणे म्हणजे शेजारी विरजण मागायला जाण्यासारखेच.

पण आमच्या घरात या विरजणाला एक इतिहास होता.

माझे वडील, नाना, प्राथमिक शिक्षक होते. सातपुड्याच्या पायथ्याशी शाळा. १९८४ साली त्यांनी फंडातून कर्ज काढून राजदूत घेतली. गल्लीतली ती पहिलीच मोटरसायकल. नाना तिच्यावर शाळेत जात, रविवारी बाजाराला जात आणि आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीच्या जन्मदिवशी, नदीवर स्नानाला जात. नदीत उभे राहून ते वरच्या अंगाला बघत आणि म्हणत, "एकदा हिचं मूळ पाहून यायला पाहिजे." १९८७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत ते खरोखरच निघाले. हँडलला पिशवी, मागे वळकटी, डोक्याला मफलर. मी सात वर्षांचा होतो आणि ओट्यावरून हात हलवत होतो.

पहाटे मुलताईला निघालेले नाना दुपारी जेवायला घरी हजर!

"यावलपर्यंत गेलो. रस्ता पाहिला. आलो," एवढेच ते बोलले आणि हातपाय धुऊन पाटावर बसले. यावल आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत 'यावल करणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. एखाद्याने शिकवणी लावून आठवड्यात सोडली, की त्याने 'यावल केलं'. मोठ्या तोऱ्यात पंगतीला बसून दोन लाडवांत हात टेकले, की 'यावल झालं'. (यावलकर वाचकांनी क्षमा करावी, त्यांच्या गावाचा यात काडीचाही दोष नाही.) नाना स्वतःही हसत. पण का परतले, ते त्यांनी कधी सांगितले नाही. निवृत्तीनंतर जाऊ म्हणाले. निवृत्त झाले, गुडघे गेले आणि चार वर्षांपूर्वी नानाही गेले. राजदूत पडवीत गोधडीखाली राहिली. आई ती विकूही देईना आणि कुणाला चालवूही देईना.

ती गोधडी मी गेल्या श्रावणात काढली. आमच्या फिटरने गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि एखादे जुने स्थळ सांगून यावे तसा हसला. पुढचे दोन महिने माझे रविवार त्याच्या गॅरेजात गेले. कार्बोरेटर उतरवून धुतला, टायरट्यूब नवे घातले, ब्रेकचे लायनर बदलले. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचे, प्लगवर काजळी धरली तर कसा घासायचा, क्लचची वायर तुटली तर रस्त्यात कशी ओवायची, हे सगळे मी वहीत लिहून घेतले. फिटर म्हणाला, "सर, लिहून घेऊन गाडी चालत नाही. हात काळे करा." मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्या आयुष्यात इतका परखड परीक्षक मला दुसरा भेटलेला नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "भुसावळला गाडीत बसा, नागपूरला उतरा, तिथून मुलताई. त्यासाठी कंबर कशाला मोडून घेता?" दुसऱ्यांनी मणक्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पानवाल्याने तर सरळच विचारले, "सर, घरी सगळं ठीक ना?" पंचेचाळिशीतला माणूस एकटा लांब निघाला म्हणजे एक तर त्याला वैराग्य आले असावे किंवा घरात काही बिनसले असावे, अशी आपल्या समाजाची ठाम समजूत आहे. सौ. मात्र फारसे बोलली नाही. तिने एका चिठ्ठीवर माझा रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर लिहिले, ती चिठ्ठी हेल्मेटच्या आत चिकटवली आणि बजावले, "दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही." ती चिठ्ठी पाहून मला प्रथमच थोडी भीती वाटली.

आई तर मुळीच बोलेना. मी विषय काढला की ती निवडायची मेथी घेऊन बसे. मेथी नसली तर निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेई.

मला त्या दिवसांत वरसईच्या विष्णुभट गोडशांची फार आठवण होई. त्यांचे 'माझा प्रवास' मी कितीदा तरी शिकवले आहे. १८५७ साली हा गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, बंडात सापडला, झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला, लुटला गेला, आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी आला व आईवडिलांना त्याने त्या पाण्याने स्नान घातले. पुस्तक छापून आले ते १९०७ साली. झाशीचा भाग विद्यार्थ्यांना आवडतो. मला मात्र वय वाढेल तशी सुरुवातीची पाने आवडू लागली आहेत: कर्जात बुडालेले घर, थकलेली माणसे आणि त्यांची मने वळवून मिळवलेली परवानगी. शिवाय त्यांच्या सोबतीला काका तरी होते.

तर ती पहाट. गाडी दारात उभी. चाकाखाली लिंबू ठेवलेले; ते माझ्या कन्येचे काम. सौ.ने हातावर दहीसाखर घातली. आई आतच होती. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, भांडे कुठे वाजत नाही. मी हेल्मेट हातात घेऊन उभा. 'येतो' म्हणावे तर कुणाला म्हणावे? किक मारली असती तर गाडी चालूही झाली असती. पण पाय उचलेना.

आणि मग ती आली. हातात ओवाळणीचे तबक, निरांजनाला आडवा धरलेला हात. माझे माहेरचे आजोळ अमळनेरकडचे. आई एरवी आमच्याशी शुद्ध बोलते, पण मन भरून आले की तिच्या तोंडी अहिराणी येते. मला ओवाळून तिने गाडीच्या हँडलला कुंकू लावले आणि गाडीकडेच बघत म्हणाली,

"त्या दिन मी दारमा उनू नही. म्हनीसन त्या माघारी उनात."

त्या दिवशी ती दारात आली नव्हती. म्हणून नाना परत आले होते. नोकरी, लहान पोर, कर्जाचे हप्ते, आणि हे निघाले नदीचे मूळ शोधायला, या रागात ती चुलीपाशी बसून राहिली होती. नाना तिला 'येतो' न म्हणताच निघाले. यावलला चहाच्या दुकानाशी थांबले आणि गाडी वळवली. हे दोघांनाच ठाऊक होते. गल्ली हसत होती तेव्हाही दोघांनी ते कुणाला सांगितले नाही.

मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "येतो."

"ये," ती म्हणाली.

चोपड्याहून पूर्वेला निघालेला रस्ता अंकलेश्वर-बऱ्हाणपूरचा जुना रस्ता. डाव्या हाताला सातपुडा अजून निळाच होता. कपाशी फुटलेली, वेचणीच्या बाया डोक्याला फडकी बांधून शेतात उतरत होत्या. केळीच्या बागांतून गार ओला वास येई आणि पुढच्याच वळणावर नाहीसा होई. अडावदला उनपदेवाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाणारा फाटा लागला. तिकडे वळण्याचा मोह मी टाळला. धानोऱ्याला एका म्हाताऱ्याने राजदूतचा आवाज ओळखून हात केला. "कथा चालना भाऊ?" मी "मुलताईला" म्हणालो. "एकलाच?" असे म्हणून त्याने गाडीकडे पाहिले, जणू ती मोजण्यात धरावी की नाही हे ठरवत होता. मग त्याने सोबत दोन केळी दिली.

किनगाव, साकळी, आणि यावल आले.

मी थांबलो. न थांबता पुढे जाणे नानांना सोडून जाण्यासारखे वाटले. चहा घेतला. अडतीस वर्षांपूर्वीचे दुकान कोणते, हे कळायला मार्ग नव्हता. रस्त्याच्या एका अंगाला घरची दिशा, दुसऱ्या अंगाला फैजपूरची. खोटे कशाला सांगू, वळावेसे मलाही वाटले. रागावलेले कुणी नव्हते, तरी वाटले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई स्वतःहून फोन कधी लावत नाही.

"यावल आलं का?"

"आलं."

"चहा घेतला?"

"घेतला."

"मग निघ आता," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढचे झटपट सांगतो. फैजपूर लागले. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, जवाहरलालजी अध्यक्ष, ते हे फैजपूर. सावदा, रावेर करीत बऱ्हाणपूरला मुक्काम. संध्याकाळी शाही किल्ल्याखाली तापी पाहिली. मुमताज १६३१ साली याच गावात वारली. तिची पहिली कबर इथे, तापीपलीकडे. ताजमहाल पाहणाऱ्यांपैकी किती जणांना आमची नदी आठवत असेल? दुसऱ्या दिवशी धारणी, सेमाडोह, मेळघाटातली वळणे. चढावर राजदूत नानांसारखीच कुरकुरत, पण न थांबता चढली. परतवाड्याला मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी बैतूलवरून मुलताई.

मनात मी डोंगर, झाडी, खडकातून झिरपणारे पाणी असे काही धरून होतो. मूळ निघाले ऐन गावात. एक कुंड, त्याला घाट, काठाने देवळे, पलीकडे दुकाने. पायरीवर बसून मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो. मुलगा हातपाय धूत होता, त्याची आई त्याला ओरडत होती. पावसाळ्यात आमच्याकडे पात्राबाहेर पडणारी ती नदी हीच, यावर विश्वास बसेना.

बाटली भरली आणि घरी फोन लावला. आईला सगळे सांगितले. कुंड केवढे, पाणी कसे, पायऱ्या किती. ती हुं हुं करीत ऐकत होती.

"झाकण घट्ट लाव बाटलीचं," शेवटी ती म्हणाली. "आणि सुरतेकडे जाताना घरी जेवून जा."