शोधण्यात गेलेली सकाळ

२०२३ च्या जुलै महिन्यातील ती सकाळ आम्हांस चांगली आठवते. रात्रभर पाऊस कोसळत होता, वीज तीनदा जाऊन आली होती. ज्या एका लहानशा रुग्णालयाच्या संगणकांची देखभाल आमच्याकडे आहे, तेथून पहाटे साडेसहाला सिस्टरांचा फोन आला. ‘‘सर, लॅबचं काहीच उघडत नाही. साडेअकराला एका आजींचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना त्यांचे जुने रिपोर्ट हवेत.’’ आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘‘घाबरू नका, सिस्टर. काल रात्रीची प्रत आहे. तासाभरात होईल.’’

तो तास दुपारी सव्वा वाजता संपला. आजींचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झाले आणि सुखरूप झाले. परंतु त्या दिवशी उपाशी पोटी खाटेवर बसून वाट पाहणाऱ्या त्या माऊलीचा चेहरा अजूनही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पूर्वी प्रत्येक कामाला एक स्वतंत्र संगणक असे. आता एकाच दणकट संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका वाड्यात चौदा बिऱ्हाडे राहावीत आणि प्रत्येकाला घर आपलेच वाटावे, तसा हा प्रकार. आमच्याकडे अशी चौदाच बिऱ्हाडे होती: लॅब, बिले, औषधांचे भांडार, एक्स-रे इत्यादी. दररोज रात्री या सर्वांची प्रत नेटवर्कच्या तारेवरून दुसऱ्या खोलीतील साठवणीच्या पेटीत जाई. पेटीत आठ-आठ टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क, एक बिघडली तरी माहिती शाबूत राहील अशा रीतीने बांधलेल्या. आमचा या पेटीवर फार विश्वास होता.

लॅबचे मशीन ४०० गिगाबाइटचे. आमच्या तारेतून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट माहिती वाहू शकते. म्हणजे हिशेबाने एक तास. प्रत्यक्षात पडद्यावर आकडा दिसत होता साडेसहा मेगाबाइटचा. या गतीने सतरा तास लागले असते!

‘‘सर, केबल बदलू या का?’’ आमच्या तरुण सहकाऱ्याने विचारले. बदलली. स्विच बंद करून पुन्हा चालू केला. आकडा हलेना. खरे सांगायचे तर पेटी मंद झाल्याची कुरकुर चार महिने चालली होती. रात्री अकराला सुरू होणारे बॅकअप पूर्वी तीनला संपत, ते आता सकाळी आठपर्यंत रेंगाळत. आम्ही दोष तारेलाच देत आलो होतो. एका विक्रेत्याने दहापट वेगाच्या नेटवर्कचे अंदाजपत्रकही आणून दिले होते आणि आम्ही ते जवळजवळ मंजूर केले होते. दरवाजा अरुंद असताना अंगणातला रस्ता रुंद करण्याचाच तो उद्योग ठरला असता.

अखेर दहाच्या सुमारास आम्ही त्या पेटीशेजारी जाऊन उभे राहिलो आणि कान दिला. हार्ड डिस्क एकसारख्या करकरत होत्या. तारेवर वाहतूक जेमतेम, आणि डिस्क मात्र शंभर टक्के कामात! त्या इतके काय करीत होत्या?

हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक बारीक दांडा तिच्यावर मागेपुढे सरकून हवी ती जागा गाठतो. एकदा जागा सापडली की पुढची सलग माहिती झरझर येते. परंतु प्रत्येक नवी जागा गाठण्यास सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला फार तर ऐंशी जागा. धर्मग्रामाच्या कार्यालयात आजोबांच्या स्नानसंस्काराचा दाखला मागण्यास जे गेले असतील, त्यांना हे सांगावयास नको. दाखला लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. वर्ष नक्की ठाऊक नसेल तर वह्या चाळण्यात अर्धा दिवस जातो.

आमचे बॅकअपचे सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनचे चार-चार मेगाबाइटचे तुकडे करते आणि एकसारखा तुकडा एकदाच ठेवते. जागा वाचते, हे खरेच. परंतु आमच्या पेटीत असे सुमारे चाळीस लाख तुकडे जमले होते. जुनी प्रत रद्द केली तरी तिचे तुकडे लगेच पुसता येत नाहीत, कारण तोच तुकडा दुसऱ्या प्रतीलाही लागत असतो. म्हणून सॉफ्टवेअर ठरावीक वेळी सफाईस निघते. वापरात असलेल्या प्रत्येक तुकड्यावर ताज्या तारखेची खूण करते आणि जुन्या तारखेचे तुकडे काढून टाकते. चाळीस लाख खुणा, सेकंदाला ऐंशी. वाचकांनी भागाकार करून पाहावा: जवळजवळ चौदा तास. शिवाय तशा बांधलेल्या डिस्कवर एक लहानसा बदल लिहावयाचा तर दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते, ते निराळेच.

आणि ही सफाई आम्ही रोज लावली होती! तिच्या जोडीला सगळ्या जुन्या प्रती शाबूत आहेत की नाहीत याची तपासणी, तीही रोज. प्रती साठ दिवसांच्या. यांतली एकही गोष्ट निष्काळजीपणाने केलेली नव्हती, हे विशेष. कोठे तरी कोणाची माहिती बुडाल्याचे ऐकले की आम्ही एक कुलूप वाढवीत गेलो. साठविण्याची एवढी काळजी वाहिली. परत आणावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून एकदाही पाहिले नाही.

अकरा वाजता सफाई आणि तपासणी दोन्ही थांबविली. डिस्कची करकर ओसरली, आकडा चाळीसवर गेला आणि उरलेले ३०० गिगाबाइट दोन तासांच्या थोड्या वर आले. तोवर सिस्टर रुग्णांचे नवे अहवाल हाताने लिहून देत होत्या. त्यांचे अक्षर मोत्यासारखे.

पुढची दुरुस्ती फारशी रंजक नाही. दहापट वेगाच्या नेटवर्कचे पैसे वाचले, त्यांत थोडी भर घालून एसएसडीची एक लहान पेटी घेतली. एसएसडीत दांडा नसतो, त्यामुळे जागा गाठण्याचा खोळंबा जवळपास नाहीच. ताज्या सात दिवसांच्या प्रती तेथे. आठवड्याच्या चार व महिन्याच्या बारा प्रती जुन्या पेटीत. आणि एक संच इमारतीबाहेर. सफाई शनिवारी, तपासणी रविवारी, तीही नव्या प्रतींची. जुन्यांची पाळी तीस दिवसांनी. साठ दिवसांच्या रोजच्या प्रती सोडून देताना हात थोडा अडखळला, हे कबूल करतो.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एक मशीन खरोखरीच परत आणून पाहतो. पहिल्या वेळी लॅबचे मशीन घेतले आणि सिस्टरांना शेजारी बसवून त्यांच्याच हाती घड्याळ दिले. एक तास पाच मिनिटे लागली. त्यांनी तो आकडा आपल्या कागदी वहीत टिपून ठेवला. ती वही त्यांनी अद्याप बंद केलेली नाही, आणि आम्हीही तसे सुचविलेले नाही.